आमचं मालकी रान आणि दहा वर्षांचा करार

आमचं घरचं रान अठरा एकर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या अंगाला. त्यातलं अकरा एकर दहा वर्षं तोडायचं नाही असा करार आम्ही भाऊबंदांनी एका संस्थेबरोबर केला. तो कसा झाला ते जरा सविस्तर लिहितो, कारण ओळखीतले बरेच जण फोन करून विचारतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जमीन जाणार नाही ना?" पैसे किती मिळतात हा प्रश्न त्यानंतर येतो. झाडं वाचतात का हे तर कोणी विचारतच नाही.

ज्यांना कोकण फक्त समुद्रकिनाऱ्याकडून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यात सरकारी वन फारच थोडं. डोंगरात जे हिरवं दिसतं ते बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं असतं. वनखात्याची माणसंही त्याला "मालकी" म्हणतात. मालकी तोड, मालकी प्रकरण, मालकी माल. हे रान पिढ्यानपिढ्या दहा-पंधरा वर्षांनी तोडलं जायचं, ठेकेदार उभं जंगल विकत घ्यायचा, कोळसा पडायचा नाहीतर जळाऊ लाकूड घाटावर जायचं, आणि ऐन किंजळ बुंध्यातून परत फुटायचे. आजोबांच्या वेळी मुलीचं लग्न म्हणजे एक तोड असा साधा हिशोब होता. आता फरक असा पडला की तोडीनंतर जेसीबी येतो, मुळासकट उपटतो, टप्पे काढतो आणि काजू लागतो. मग ते रान परत येत नाही, ते संपलंच.

तर २०२३ च्या दिवाळीनंतर ठेकेदार आमच्याकडे आला. दोन्ही बाजूची रानं आधीच तुटली होती, आमचंच मधे उरलेलं. चुलतभाऊ मुंबईला, त्याला घराचं छप्पर बदलायचं होतं, काका गावात, त्यांना गुडघ्याचं ऑपरेशन. ठेकेदाराने एकरी जो आकडा सांगितला तो ऐकून मलाही वाटलं की हो म्हणावं, खोटं कशाला बोलू. "साहेब कागदपत्रं सगळी माझ्याकडे, तुम्ही फक्त सह्या करा", हे त्याचं वाक्य तर प्रत्येक घरात ऐकायला मिळतं आणि त्यावरच त्याचा धंदा चालतो.

कारण कागदाचं काम खरंच कटकटीचं आहे. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे, त्याला जोडलेली झाडांची यादी आहे. साग, खैर, आंबा, फणस, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ, चिंच, मोह वगैरे. ही झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी घेऊन तोडायची. मग झाडांची मोजणी, नंबर टाकणं, हद्दीचा नकाशा, वनपाल येऊन पंचनामा, तोडीनंतर मालावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतूक पास. एवढं सगळं एका सामान्य शेतकऱ्याने करायचं म्हटलं तर त्याचा एक सीझन त्यातच जातो, म्हणून तो ठेकेदाराला देऊन मोकळा होतो आणि भाव पडेल तो घेतो. झाड वाचावं म्हणून केलेल्या नियमाने झाड वाचलं किती ते मला माहीत नाही, पण ठेकेदार मात्र अडून राहत नाही एवढं नक्की. आणि गंमत म्हणजे ज्या झाडासाठी पुढे एवढा करार झाला तो बेहडा त्या यादीत नाहीच. हिरडा आहे, बेहडा नाही.

संस्थेची माणसं आली ती याच बेहड्यामुळे. आमच्या रानात पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला दोन जुने बेहडे आहेत, दोन माणसांच्या कवेत येणार नाहीत असे, आणि त्यातल्या एकाच्या ढोलीत ककणेर दरवर्षी घरटं करतो. ककणेर म्हणजे पुस्तकातला धनेश. मादी ढोलीत शिरून स्वतःला आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर बाहेरून फळं आणून भरवतो, अंडी उबून पिल्लं मोठी होईपर्यंत. त्यासाठी एवढी मोठी ढोली लागते, आणि ती काजूला पडत नाही, पंधरा वर्षांच्या ऐनालाही पडत नाही, जुनं खोडच लागतं. संस्थेतली एक ताई आणि दोन मुलं जीपीएस घेऊन फिरली, झाडाखालच्या बिया गोळा करून बघितल्या, मग आमच्या खळ्यात बसून त्यांनी सांगितलं की तुम्ही दहा वर्षं तोड करणार नाही असं लिहून दिलंत तर आम्ही तुम्हाला एकरी अमुक रक्कम देऊ, दोन हप्त्यांत.

काकांनी चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "फुकट कोण पैसे देतो रे? ह्यांना जमीन पायजे."

हे ऐकून शहरातल्या माणसाला हसू येईल, पण काकांच्या बोलण्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो आमच्याच सातबाऱ्यावर एका ओळीत लिहिलेला आहे. आमच्या एका गटात इतर हक्कात "वन कायदा कलम ३५(३)" अशी नोंद आहे. ही काय भानगड आहे ती मला या प्रकरणातच नीट कळली, त्याआधी घरात कोणालाच माहीत नव्हती, फक्त "त्या गटाला काहीतरी वनाचं आहे" एवढंच.

झालं असं की १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम ३५ आहे, खाजगी जंगलावर सरकारला बंधन घालता येतं ते. त्यासाठी आधी ३५(३) खाली मालकाला नोटीस काढायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मग अधिसूचना. पन्नासच्या दशकात मुंबई राज्यात अशा नोटिसा भरपूर निघाल्या, पुढे बऱ्याच ठिकाणी काहीच झालं नाही, कागद तसाच पडून. मग १९७५ मध्ये महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा आला आणि ३० ऑगस्ट १९७५ या एका तारखेला राज्यातली सगळी "खाजगी वनं" सरकारजमा झाली, आणि खाजगी वनाच्या व्याख्येत ३५(३) ची नोटीस निघालेली जमीनही घातलेली. म्हणजे ज्या माणसाला नोटीस मिळालीच नाही, जो त्या दिवशी भातात राबत होता, त्याचं रान त्या रात्री सरकारचं झालं, आणि त्याला ते कळलं पंचवीस-तीस वर्षांनी सातबारा काढल्यावर. नंतर कायद्यात २२ अ कलम घातलं की ज्याचं एकूण धारण १२ हेक्टरपेक्षा कमी त्याला जमीन परत देता येईल, पण त्यासाठीही आधी आपली जमीन गेली आहे हे माहीत तर पाहिजे.

मुंबई-ठाण्यात याच ओळीवरून हजारो फ्लॅटवाल्यांची झोप उडाली होती तेव्हा पेपरात आलं. २००८ मध्ये हायकोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, मग विक्रोळीच्या गोदरेजच्या जमिनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ३० जानेवारी २०१४ ला तो फिरवला. कोर्टाचं म्हणणं साध्या भाषेत असं की नुसती नोटीस काढली एवढ्याने होत नाही, ती मालकाला बजावलेली पाहिजे, त्याला बोलायची संधी पाहिजे, आणि अर्धं शतक धूळ खात पडलेल्या नोटिशीवर जमीन घेता येत नाही. फार महत्त्वाचा निकाल. पण बिल्डरकडे वकील असतात, आमच्याकडे काका. निकालाला दहा वर्षं होऊन गेली तरी आमच्या सातबाऱ्यावर ती ओळ तशीच.

मी ती नोटीस शोधायला गेलो. बजावल्याची पोच आहे का, कोणाची सही आहे, आजोबांना मिळाली होती का. एका ऑफिसाने सांगितलं की हे रेकॉर्ड दुसरीकडे, दुसऱ्याने सांगितलं पहिल्याकडेच असणार, एका रेकॉर्ड रूममध्ये एक भला माणूस भेटला, त्याने खरंच गठ्ठे काढून दाखवले, कडा तुटलेले मोडी कागद, पण आमच्या गटाचं काही सापडलं नाही. नोंद आहे, तिचा आधार नाही. आणि नोंद काढायला मात्र आधार लागतो. अर्ज दिलाय.

आता या पार्श्वभूमीवर विचार करा, कोणीतरी येतं आणि म्हणतं की तुमच्या रानात दुर्मिळ पक्षी आहे, आम्हाला जीपीएस मारू द्या, झाडांची यादी करू द्या, एक कागद करू. ज्याने एकदा कागदाने जमीन जाताना बघितली तो दार लावणारच. माझं या सगळ्या प्रकारातून जे मत झालं ते एवढंच की आमच्याकडच्या मालकाला जंगलाचा राग नाही, त्याला नोंदीची भीती आहे. जंगल चांगलं ठेवलं तर ते कोणाच्या तरी नजरेत भरतं आणि नजरेत भरलं की नोंद होते, म्हणून शहाणा माणूस जंगल मोठं होऊच देत नाही.

आणि हे फक्त कोकणातलं नाही बरं का. अमेरिकेत १९७३ चा धोक्यातल्या प्रजातींचा कायदा आहे, तिथे नॉर्थ कॅरोलायनात एक सुतार पक्षी जुन्या पाइनमध्येच ढोली करतो, आणि ज्यांची रानं त्या पक्ष्याच्या वस्तीजवळ होती ते मालक झाडं जुनी व्हायच्या आतच तोडून टाकायला लागले असं अभ्यासात निघालं. मग १९९५ मध्ये तिथे असा करार काढला की तुम्ही पक्ष्यासाठी रान सुधारलंत म्हणून तुमच्यावर जास्तीची बंधनं येणार नाहीत, तेव्हा मालक पुढे आले. फिनलंडमध्ये नव्वदच्या दशकात युरोपीय संरक्षित क्षेत्रांच्या यादीवरून जंगलमालकांनी उपोषणं केली होती, नंतर २००८ पासून त्यांनी ऐच्छिक योजना आणली, मालक स्वतः येऊन सांगणार, दहा किंवा वीस वर्षांसाठी किंवा कायमचं, आणि मोबदला ठरवून. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजे तिकडंपण असाच काय तो." त्यांना जरा बरं वाटलं.

आता वारसांचं. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली पाच माणसं वारलेली. दोन आत्यांची नावं लागलेलीच नव्हती, आणि मुलींचा समान हक्क तर २००५ च्या दुरुस्तीपासून आहे. धाकट्या आत्याने सरळ सांगितलं, "सही पाहिजे तर आधी नाव लावा, इतकी वर्षं तोडीचे पैसे कोणी दिले मला?" बरोबरच होतं तिचं. वारस तपास, फेरफार, हरकतीची मुदत, मुंबईवाल्यांची कुलमुखत्यारपत्रं, यात पावसाळा आला. लोकांना वाटतं जंगल वाचवणं म्हणजे झाडाला मिठी मारणं, प्रत्यक्षात ते वारस नोंद करणं आहे. याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने केलंय त्याला माहीत आहे.

सगळं रुळावर येतंय असं वाटत होतं आणि ३१ जुलै २०२४ ला केंद्राचा इको सेन्सिटिव्हचा, म्हणजे पश्चिम घाटाचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवायचा, सहावा मसुदा आला. गाडगीळ समितीचा रिपोर्ट २०११ चा, कस्तुरीरंगन २०१३ चा, पहिला मसुदा २०१४ चा, आणि तेव्हापासून मसुद्यावर मसुदे चालू आहेत. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातलं महाराष्ट्राचं १७,३४० च्या आसपास, आणि यादीत आमचं गाव. हरकतीला साठ दिवस. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एकच विषय.

मी मसुदा वाचून गेलो होतो. त्यात खाण, दगडखाण, वाळू, औष्णिक वीज, लाल यादीतले (जास्त प्रदूषण करणारे) कारखाने, वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं यांच्यावर बंदी आहे. शेतीवर नाही, जमिनीच्या मालकीत तर काहीच बदल नाही. आमच्या गावात वीस हजार चौरस मीटरची बिल्डिंग कोण बांधतोय! पण सभेत जे बोललं जात होतं ते असं की घराला चिरा (जांभा दगड) लावता येणार नाही, भाताच्या रोपाची जमीन भाजायला लागणारी कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडता येणार नाही, गोठा वाढवायला दिल्लीची परवानगी, पुढे जाऊन चांदोलीसारखं गाव उठवणार. चांदोलीचं नाव निघालं की आमच्याकडे वाद संपतो. डोंगराच्या पलीकडे कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथून उठलेली माणसं, त्यांचं पुनर्वसन, यांच्या गोष्टी नातेवाइकांकडून सगळ्यांनी ऐकलेल्या. चिऱ्याच्या खाणीवाले दोघे पुढच्या रांगेत बसले होते आणि तेच जोरात बोलत होते, ते का ते सगळ्यांना माहीत होतं, तरीही लोकांना त्यांचं पटत होतं कारण भीती खरीच होती.

ठराव झाला, गावाचा विरोध. मीही सही केली. संस्थेतल्या ताईने नंतर विचारलं की तुम्ही एकीकडे करार करताय आणि दुसरीकडे विरोधाच्या ठरावावर सही, हे कसं? मी सांगितलं की करारावर माझं नाव आहे, मला विचारून लिहिलाय, मी नाही म्हणू शकतो. मसुद्यात माझ्या गावाचं नाव उपग्रहाच्या फोटोवरून आलं, ते इंग्रजीत वाचायला मिळालं आणि दहा वर्षांत एकही माणूस समजवायला आला नाही. खाणी बंद व्हाव्यात असं मला वाटतंच. पण ज्या पद्धतीने ते येतंय त्याला माझा विरोध आहे. ती काही बोलली नाही, तिला पटलं का नाही माहीत नाही.

गणपतीत सगळे गावी आले तेव्हा आरतीनंतर बैठक बसली. ठरावाचा ताप डोक्यात होताच. चुलतभाऊ म्हणाला करार विसरा, ठेकेदाराला देऊन टाका, इको सेन्सिटिव्ह लागायच्या आत पैसे पदरात पाडा. हे बोलणारा तो एकटा नव्हता, त्या महिन्यात आमच्या पंचक्रोशीत याच हिशोबाने तोडी ठरल्या, मी डोळ्यांनी बघितलं. झाडं वाचवायचा मसुदा येतो आणि त्याच्या नुसत्या बातमीने करवत चालतो. मोठ्या काकूंनी वेगळाच मुद्दा काढला, माकडं आणि रानडुकरं. "जंगल आपण राखायचं, डुकरं पोसायची, आणि भात खाल्लंनी की शेजारी आपल्या नावाने ओरडणार." खरं आहे, नुकसान भरपाईचा अर्ज करायचा तर फोटो, पंचनामा, आणि मिळणारी रक्कम बघितली की अर्ज करणाराच हसतो. वहिनी म्हणाली, काजूला सरकार पैसे देतं, रानाला कोण देतं? हा प्रश्न मला सगळ्यात भारी वाटला. १९९० पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड योजना आहे, खड्डे, कलमं, खत, सगळ्याला अनुदान. म्हणजे रान काढून काजू लावला की सरकार पाठीशी. तेच रान तसंच ठेवलं, त्यातून खालच्या वाडीच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी राहिलं, तर त्याचा एक रुपया कोणत्याच योजनेत नाही. पर्यावरणवाले मालकाला लोभी म्हणतात तेव्हा मला हेच सांगावंसं वाटतं, सरकार ज्याला पैसे देतं तेच मालक करतो.

संस्थेने मधे एक पर्याय सुचवला होता, समुदाय राखीव. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ३६ क कलम आलं, त्यात खाजगी मालक स्वतः होऊन आपली जमीन देऊ शकतो, मालकी त्याचीच राहते. ऐकायला चांगलं. पण पुढे असं आहे की एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि वर राज्य सरकारची मान्यता. म्हणजे आत जायचा दरवाजा मालकाच्या हातात, बाहेर यायचा नाही. बैठकीत हे वाचून दाखवल्यावर एकमताने नाही. त्या दिवशी एकमत झालेली तेवढीच एक गोष्ट.

मग कराराच्या मसुद्यावर बसलो आणि इथे मात्र मजा आली, कारण पहिल्यांदाच कोणीतरी आम्हाला कलम बदलायला दिलं. संस्थेच्या मसुद्यात होतं "कोणत्याही प्रकारची वृक्षतोड करणार नाही". काका म्हणाले भाजावळीला कवळ कुठून आणू? तर ठरवून दिलेल्या ऐनांची कवळ चालेल असं घातलं. सुकं पडलेलं लाकूड, पातेरा, शिकेकाई, बेहड्या-हिरड्याची फळं, गुरं चारणं, देवाच्या होळीसाठी एक झाड, हे सगळं आत आलं. होळीचं झाड लिहिताना ताईने विचारलं कोणतं झाड, मग त्यावर अर्धा तास. जमिनीची मालकी, ताबा, सातबारा यावर कसलीही नोंद होणार नाही हे कलम काकांनी स्वतः दोनदा लिहायला लावलं, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. रानाची माहिती, फोटो, घरट्याची जागा आमच्या लेखी परवानगीशिवाय कोणाला देणार नाही आणि कुठल्याही संरक्षित क्षेत्राच्या प्रस्तावाला जोडणार नाही. कोणी हिस्सा विकला तर काय, कोणी वारलं तर काय, संस्थेने पैसे थांबवले तर करार आपोआप रद्द. वणव्याची जाळरेषा काढायचा खर्च संस्थेचा, माणसं आमची. कॅमेऱ्यावर मात्र अडलं, कॅमेरा लावला आणि त्यात बिबट्या आला तर पेपरात येणार आणि मग खातं येणार, म्हणून कॅमेरा नको. बिबट्या आहे हे गावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, पण फोटो नको.

चुलतभाऊ शेवटपर्यंत तयार झाला नाही. रस्त्याच्या बाजूचा त्याच्या वाटणीचा तुकडा त्याने ठेकेदाराला दिलाच, दिवाळीनंतर तिथे तोड झाली. मी भांडलो नाही. छप्पर त्याचं खरंच गळत होतं, आणि करारातले दहा वर्षांचे पैसे एकत्र केले तरी ठेकेदाराच्या एका दिवसाच्या पैशापेक्षा ते कमीच आहेत, हे कोणी लपवू नये. जे लोक सांगतात की संवर्धनाचे पैसे तोडीएवढे मिळतात त्यांनी कधी ठेकेदाराशी घासाघीस केलेली नाही. आम्ही सही केली ती तीन कारणांनी. काकांना विहिरीचं पाणी, मला ते दोन बेहडे, आणि आत्यांना पहिल्यांदाच त्यांच्या खात्यावर त्यांच्या नावाने येणारे पैसे. आत्यांची मतं नसती तर हा करार झाला नसता, सरळ गोष्ट.

पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या, शंभरचा तोवर बंद झाला होता. अठरातले अकरा एकर आत, ३५(३) वाला गट मुद्दाम बाहेर ठेवला. वकील म्हणाले, त्या गटावर वादाची नोंद असताना तुम्ही स्वतःच "हे जंगल आहे आणि आम्ही ते जंगल म्हणून राखतो" असं लिहून दिलंत तर उद्या तोच कागद तुमच्याविरुद्ध काढतील. १९९६ च्या गोदावर्मन केसपासून जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालक कोणीही असो, असं कोर्टाने धरलेलं आहे, तेव्हा जपून. म्हणजे आमच्या रानातला जो सगळ्यात दाट, सगळ्यात चांगला तुकडा आहे, तोच करारात नाही. धोरण बनवणाऱ्यांनी निदान या एका गोष्टीवर विचार करावा असं मला फार वाटतं.

पहिला उन्हाळा झाला. फेब्रुवारीत जाळरेषा काढली, शेजारच्या काजूवाल्याने बेणणीचा (तण काढल्याचा) कचरा पेटवला तो वणवा आमच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, येऊन थांबला. ककणेर आला. डुकरं पण आली, काकूंचं म्हणणं आहे की आधीपेक्षा जास्त. संस्थेला रानाच्या तोंडाशी बोर्ड लावायचा होता, त्यावर त्यांचं नाव आणि "संरक्षित जंगल", ते काही होऊ दिलं नाही. वाडीतल्या दोन घरांनी कराराची झेरॉक्स मागून नेली, त्यातल्या एकाने ती ठेकेदाराला दाखवून भाव वाढवून घेतला म्हणे. चालायचंच.

सातबाऱ्यावरच्या नोंदीचा अर्ज अजून पेंडिंग आहे, पुढची तारीख मिळाली आहे. दहा वर्षांनी करार संपेल तेव्हा ती ओळ निघालेली असेल तर मी उरलेलं रानही आत घालायला तयार आहे, भाऊबंदांना तसं बोलूनही ठेवलंय. नसेल निघाली तर ठेकेदाराचा नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह आहेच, काका तो डिलीट करू देत नाहीत.